साबणाला नव्हे, गार पाण्याला भ्या
बिडाच्या तव्या-कढयांबद्दल वाचकांचे प्रश्न

फाउंड्रीत मी ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी साचेखात्यात. वाळूत साचा बांधायचा, भट्टीतला रस त्यात उतरवायचा आणि गार झाल्यावर साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायचं, हे माझं काम. म्हणून संपादकांनी बिडाच्या भांड्यांबद्दलची पत्रं माझ्याकडे सोपवली. सगळी वाचून झाल्यावर एक गोष्ट मनात राहिली. लोक तव्याला साबण लागेल, गंज येईल, ओरखडा पडेल म्हणून जीव टांगणीला लावतात. आणि ज्याने तवा खरोखर कायमचा जातो ते मात्र सहज करून बसतात. उत्तरं देताना हे पुन्हा पुन्हा येईल, त्याला इलाज नाही.

प्रश्न : काका, नवा बिडाचा तवा आणला. तेल लावून तीन वेळा ओव्हनमध्ये तापवला. दर वेळी वर चिकट, तपकिरी थर येतो. बोट लावलं की ठसा उमटतो. तेल बदलून पाहिलं, तरी तेच. कुठे चुकतंय?

उत्तर : तेलाचा प्रकार चुकत नाहीये, प्रमाण चुकतंय. तेल फार लागतंय, आणि बहुधा ओव्हनही कमी तापतोय.

तव्यावर जो काळा थर धरतो ते साधं तेल नसतं. तेलाच्या रेणूंमध्ये काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते उघडतात, शेजारचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्यांचं जाळं होतं. जाळं पुरतं विणलं गेलं की तेल तेल राहत नाही, लोखंडाला घट्ट धरून बसलेला कडक पॉलिमर होतो. आता थर जाड असला तर काय होतं ते पाहा. वरचा भाग आधी विणला जातो, त्याखालच्या तेलाला हवा मिळत नाही, ते कच्चंच राहतं. तेलरंगाचा डबा उघडा राहिला की वर साय धरते आणि खाली रंग ओलाच असतो, तसं. तुमच्या बोटाचा ठसा उमटतो तो त्या खालच्या कच्च्या तेलामुळे.

घासून सगळं काढायची घाई करू नका. तवा ओव्हनमध्ये उपडा ठेवा, २३० ते २५० अंश सेल्सिअसवर एक तास राहू द्या आणि ओव्हन बंद करून आतच निवू द्या. बहुतेक चिकटपणा एवढ्यानेच जाईल. कुठे थेंबांच्या गुठळ्या वाळून राहिल्या असतील तर तेवढ्याच तारेच्या घासणीने काढा.

पुढच्या वेळी असं करा. तवा धुऊन, पुसून, दहा मिनिटं १०० अंशांच्या जरा वर तापवा. बिडाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्याच्या खाचांत पाणी दडून बसतं, ते आधी उडालं पाहिजे. मग सोसेल इतक्या गरम तव्याला सगळीकडून तेल चोळा. मागून, कडेला, दांड्यालाही. यानंतरची पायरी लोकांच्या जिवावर येते. कोरडं सुती फडकं घ्या आणि लावलेलं तेल पुसून काढा. तवा उजेडात तिरपा धरा. कुठेही ओली चमक दिसली तर अजून पुसा. तेल लावलंय की नाही अशी शंका यावी, तवा नुसता एक छटा गडद दिसावा, एवढंच शिल्लक हवं. मग उपडा ठेवून तासभर भाजा. सूर्यफूल किंवा सोयाबीनचं रिफाइंड तेल २३० अंशांच्या आसपास धुरावतं, आणि थर विणला जाण्याची क्रिया त्याच सुमाराला जोरात चालते. १५० अंशांवर ठेवून वाट पाहत बसलात तर चिकटच मिळेल. खिडक्या उघड्या ठेवा, हा धूर डोळ्यांना झोंबतो आणि छातीलाही बरा नसतो. तव्याला लाकडी मूठ असेल तर ती आधी काढा.

ओव्हन नसेल तर गॅसवर होतं. मंद आच ठेवायची, तवा दर दोन मिनिटांनी फिरवायचा, धूर निघून थांबेपर्यंत तापवायचा. कडा मध्यभागाइतक्या काळ्या होणार नाहीत. व्हाव्यात म्हणून झटू नका, कडेला कोण शिजवतंय?

असे तीन पातळ थर पुरतात. त्यापुढचे थर स्वयंपाकातून चढू द्या. सुरुवातीला तळणाचं, परतण्याचं काम त्यावर काढा, आंबट टाळा.

प्रश्न : आमच्या घरात यावरून रोज खटके उडतात. सासूबाई म्हणतात, तव्याला साबण लावलास तर सगळी कमाई धुऊन जाईल. मला न धुतलेल्या तव्यावर शिजवायला कसंतरी वाटतं. खरं कुणाचं?

उत्तर : सासूबाई ज्या साबणाबद्दल बोलताहेत त्याच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरोबर आहे. जुन्या साबणांत कॉस्टिक सोड्याचा अंश उरलेला असायचा. कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड; ते या थरातले बंध तोडतं. तवा मुद्दाम कोरा करायचा असेल तर आजही आम्ही तेच वापरतो. तुमच्या ओट्यावर जी भांडी धुण्याची लिक्विडची बाटली आहे, ती वेगळ्या घटकांची आहे. ती सुटं तेल उचलते. जाळं विणून लोखंडाला चिकटलेला थर तिला उचलता येत नाही. तेव्हा दोन थेंब लिक्विड, मऊ घासणी, कोमट पाणी, आणि धुऊन टाका. तव्यावरचं सुटं तेल न धुता ठेवलं तर ते खवट होतं आणि त्याचा वास पुढच्या पदार्थाला लागतो, म्हणजे शंका तुमचीही रास्त आहे.

नुकसान होतं ते भिजत ठेवल्याने. रात्रभर सिंकमध्ये पाण्यात पडलेला तवा सकाळी नारिंगी दिसतो. डिशवॉशरमध्ये तर घालूच नका: तास-दीड तास गरम पाणी आणि वर क्षारयुक्त पावडर, दोन्ही एकदम. धुतल्यावर फडक्याने पुसा, मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा, गरम असतानाच तेलाचं बोट फिरवून पुसून टाका. सासूबाईंना म्हणावं, धुतेय मी, पण वाळवणं तुमच्या पद्धतीने करतेय. वाळवण्याच्या बाबतीत जुन्या बायका आपल्या कितीतरी पुढे होत्या.

प्रश्न : फडकं फिरवलं की काळं लागतं. ते पोटात जातं का? अपायकारक आहे का?

उत्तर : नीट न धरलेल्या थराचे कण आणि जळलेल्या अन्नाचा कोळसा असतो तो. थोडा गेला तर अपाय नाही. काळ्याऐवजी तांबूस लागलं तर मात्र गंज आहे. तवा ओला राहतोय.

प्रश्न : आई गेल्यानंतर घर आवरताना तिचा बिडाचा तवा माळ्यावर सापडला. बारा वर्षं तरी कुणी हात लावला नसेल. पूर्ण गंजलाय, मागे जुन्या जळक्या तेलाच्या पापुद्र्यांसारख्या खपल्या आहेत. टाकून द्यावासा वाटत नाही. पुन्हा वापरात येईल का?

उत्तर : येईल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. गंजाचं रूप भयंकर दिसतं, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. चिमूटभर लोखंड गेलं की मूठभर गंज दिसतो. खाली तुमच्या आईचा तवा जसाच्या तसा असणार.

आधी एक तपासणी. तवा दांड्याला दोरी बांधून मोकळा लटकवा आणि लाकडी चमच्याने हलकेच वाजवा. घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद आला तर तवा अखंड आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, मग ती नजरेला दिसो वा ना दिसो. फाउंड्रीत तयार माल आम्ही असाच हातोडीच्या टोकाने वाजवून पाहायचो, आणि कान सहसा फसवायचा नाही.

नाद चांगला असेल तर कामाला लागा. सुटा गंज तारेच्या घासणीने काढा. मग पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी मिसळून तवा त्यात बुडवा, पण घड्याळ लावून. अर्धा तास झाला की काढा, घासा, पाहा. राहिलं असेल तर पुन्हा अर्धा तास. रात्रभर ठेवू नका. आम्ल आधी गंज खातं आणि गंज संपला की लोखंड खायला लागतं; मग पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात, ते भरून येत नाहीत.

मागच्या खपल्यांना व्हिनेगर काही करणार नाही, तिथे कॉस्टिक लागेल. ओव्हन साफ करायचा कॉस्टिकचा फवारा मारून तवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिवसभर ठेवला की थर सुटतो. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घातल्याशिवाय या कामाला बसू नका, लहान मुलं घरात असतील तर पिशवी कुलपात ठेवा. आणि कॉस्टिक ॲल्युमिनियमच्या भांड्यात कधीच घ्यायचं नाही. ते ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो, जो पेट घेतो.

काही जण सुचवतील, तवा जाळात टाक, सगळं जळून जाईल. हे करू नका. ७०० अंशांच्या वर गेलं की बिडाची आतली रचनाच बदलू लागते. तवा वाकतो, तडकतो, किंवा वर अशी लालसर खरपुडी धरतो की पुढे तेलाचा थर तिथे टिकत नाही. गंजलेला तवा मी शेकड्यांनी परत आलेला पाहिलाय. जाळातून काढलेला क्वचित.

कोरा झाल्यावर तवा करड्या रंगाचा, अनोळखी दिसेल. घाबरू नका, बीड मुळात त्याच रंगाचं. धुऊन ताबडतोब विस्तवावर वाळवा, कारण कोऱ्या बिडावर काही मिनिटांत नारिंगी झाक येते. आली तर तेलाच्या फडक्याने पुसा, ती निघते. मग वर पहिल्या उत्तरात सांगितलं तसे तीन पातळ थर.

तवा आईचाच आहे, म्हणजे त्यात काय शिजलं ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांनी अनोळखी माणसाकडून जुनं बिडाचं भांडं घेतलंय त्यांच्यासाठी इथेच सांगून ठेवतो: पूर्वी काही ठिकाणी अशा भांड्यांत शिसं वितळवायचे. पूर्वेतिहास माहीत नसेल तर शिसं तपासायची पट्टी मिळते, ती लावून पाहा. शिसं निघालं तर ते भांडं स्वयंपाकाला पुन्हा लावू नका. ते घासून जात नाही.

प्रश्न : रिकामा तवा चांगला तापला होता. धुवायला सोपं जाईल म्हणून तसाच नळाखाली धरला. 'टण्‌' असा आवाज झाला आणि कडेपासून मध्यापर्यंत चीर गेली. एवढं जाडजूड लोखंड पाण्याने कसं तडकेल? तवा सदोष होता का? वेल्डिंग करून मिळेल का?

उत्तर : तवा सदोष नसावा. सुरुवातीला मी जे म्हणालो, की लोक नको त्याला घाबरतात, ते या पत्रासारख्या पत्रांमुळेच.

बीड म्हणजे लोखंडात मिसळलेला भरपूर कार्बन, साधारण अडीच ते चार टक्के, आणि एक ते तीन टक्के सिलिकॉन. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं. एवढा कार्बन घातला की ते ११५० ते १२०० च्या आसपासच पातळ होतं. म्हणून तर ते साच्यात ओतता येतं, पाण्यासारखं कानाकोपऱ्यात जातं. पण रस गोठताना हा कार्बन आतल्या आत वेगळा होतो आणि ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या होऊन बसतो. ग्रॅफाइट म्हणजे शिसपेन्सिलीच्या आत असतं तेच. मऊ, ताकद नसलेलं. म्हणजे भक्कम दिसणाऱ्या त्या तव्याच्या पोटात लाखो बारीक चिरा आधीपासूनच आहेत, फक्त त्या ग्रॅफाइटने भरलेल्या आहेत. दाबलं तर चिरा मिटतात, म्हणून बीड दाबाला जबरदस्त. ताणलं तर प्रत्येक पाकळीच्या टोकाशी ताण गोळा होतो. दाबाला बीड जेवढं सोसतं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात ते ताणाला तुटतं.

तापलेल्या तव्यावर गार पाणी पडलं की त्या जागची कातडी एकदम आकसू पाहते. शेजारचं आणि खालचं लोखंड अजून तापून फुगलेलं असतं, ते तिला आकसू देत नाही. म्हणजे कातडी ताणली जाते. घडीव पत्र्याचा तवा अशा वेळी वाकेल, पोचा पडेल. बिडाला वाकणं ठाऊक नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एकोणीस वर्षांचा असताना आईची कढई मी अशीच फोडली. तिला लवकर काम उरकून द्यावं म्हणून गरम कढईत तांब्याभर पाणी ओतलं. आई काही बोलली नाही. दोन्ही तुकडे तिने हातात घेतले, कडेला कडा लावून पाहिली आणि खाली ठेवले. तुटलेला भाग करडा, दाणेदार होता, साखरेच्या खड्यासारखा लुकलुकत होता. पुढे दोन वर्षांनी फाउंड्रीत लागलो तेव्हा एका फोरमननी तुटलेलं कास्टिंग पुढे धरून 'याला ग्रे आयर्न का म्हणतात सांग' असं विचारलं, आणि मला ती कढईच दिसली.

वेल्डिंगचं म्हणाल तर बीड जोडता येतं. आधी तापवून, निकेलची कांडी वापरून जाणकार माणूस ते करतो. पण रोज तापणार-निवणाऱ्या भांड्याला तो जोड लावू नये असं माझं मत आहे. जोडाशेजारचा भाग आणखी कडक, आणखी ठिसूळ होतो आणि चीर पुढे सरकते. शिवाय जोडात कोणते धातू गेले हे ठाऊक नसताना त्यात अन्न शिजवणं बरं नाही. भंगारात द्या. भट्टीत ते पुन्हा वितळतं आणि नव्या मालात सरळ मिसळतं. आमच्या भट्टीला तुटक्या बिडाचा माल नेहमी हवाच असायचा.

नवा तवा घ्याल तेव्हा तो हाताला कोमट लागेपर्यंत निवू द्या, मग धुवा. घाई असेल तर गरम तव्यात गरम पाणी, तेही थोडं. आणि उलट बाजूनेही तेच: गारठलेला तवा एकदम मोठ्या आचेवर चढवू नका.

प्रश्न : काका, मी खोली घेऊन राहतो, कॉलेजला आहे. बिडाच्या पॅनवर अंडं घातलं की मध्ये जळतं, कडेला कच्चं राहतं, आणि खाली असं चिकटतं की खरवडावं लागतं. सगळे म्हणतात बिडावर उष्णता एकसारखी पसरते. माझ्याच पॅनमध्ये काही खोट आहे का?

उत्तर : खोट नाही रे. 'एकसारखी पसरते' हे वाक्यच चुकीचं आहे, आणि ते इतक्यांदा छापलं गेलंय की तुझा दोष नाही. उष्णता वाहून नेण्यात बीड ॲल्युमिनियमच्या साधारण चौथ्या हिश्श्याचं, तांब्याच्या तर आठव्या. ज्योत जिथे लागते तिथे ते तापतं आणि बाजूला उष्णता सावकाश सरकते. त्याचा गुण दुसराच आहे. ते जड असतं, भरपूर उष्णता साठवतं आणि गार अन्न पडलं तरी पटकन निवत नाही.

म्हणून तुला घाई सोडावी लागेल. मंद आचेवर पॅन पाच ते सात मिनिटं तापू दे, मधे दोनदा फिरव. मग पाण्याचा एक थेंब टाक. पसरून चरचरत उडाला तर अजून वेळ आहे, किंवा तापमान मध्यम आहे. थेंब गोळी होऊन इकडेतिकडे पळायला लागला तर पॅन २०० अंशांच्या आसपास गेलाय: थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो लोखंडाला टेकतच नाही. १७५६ साली लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे तापलेल्या लोखंडी चमच्यावर पाहून लिहून ठेवलं, म्हणून त्यांचंच नाव त्याला पडलं. अंड्याला एवढी उष्णता नको. आच कमी कर, मिनिटभर थांब, तेल किंवा लोणी घाल, ते पसरलं की अंडं.

आणि घातल्यावर लगेच उलथणं घालू नकोस. अंड्यातली प्रथिनं गार लोखंडाला चिकटतात. खालची बाजू नीट आळली की बरीचशी आपोआप सुटते. हलत नसेल तर अजून अर्धा मिनिट दे. पॅन नवा असेल तर पहिला महिना अंडी घालूच नको. कांदा, बटाटा परत, थर जमू दे.

प्रश्न : नवा तवा खरखरीत आहे, आजीचा मात्र आरशासारखा गुळगुळीत होता. ग्राइंडर मारून गुळगुळीत करू का?

उत्तर : खरखर वाळूची आहे. साच्याची वाळू जेवढी जाड, तेवढा पृष्ठभाग खडबडीत. वाळूच्या साच्यात भांडी ओतण्याच्या पद्धतीचं पेटंट इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी यांनी १७०७ साली घेतलं, आणि मूळ रीत आजही तीच आहे. जुनी चांगली भांडी ओतल्यावर आतून यंत्रावर घासली जात. नंतर हा खर्च पुष्कळांनी गाळला. माझ्या मते हे वाईट झालं. साचेखात्यात ज्याने हात घातलाय त्याला असा अर्धा टाकलेला माल पाहवत नाही.

तरी ग्राइंडर मारू नका. तो एका जागी खोल जातो आणि तळ पातळ-जाड होतो. बारीक पॉलिश पेपरने हाताने टोकं मोडा, तेवढं पुरे. अगदी आरसा केलात तर थराला धरायला जागा उरत नाही. उरलेली खरखर वर्षभरात धातूच्या सपाट उलथण्याने आणि साचत जाणाऱ्या थराने कमी होते. हो, धातूचं उलथणं चालतं. बिनधास्त वापरा.

प्रश्न : अळशीचं तेल सर्वोत्तम असं वाचून सहा थर दिले. सुंदर काळा झाला आणि महिन्याभरात पापुद्रे सुटायला लागले.

उत्तर : अळशीच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग तीन दुहेरी बंधांच्या आम्लाचा असतो, म्हणून ते फार कडक वाळतं. कडक म्हणजेच ठिसूळ. लोखंड तापून फुगतं-आकसतं, थराला त्याच्याबरोबर जाता येत नाही. मी तीन भांड्यांवर करून पाहिलं, तिन्हींवर सुटलं. सुटलेलं घासून काढा आणि सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या तेलावर या. रंगाच्या दुकानातलं 'बॉइल्ड' अळशीचं तेल तर कधीही नको. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची रसायनं घातलेली असू शकतात.

प्रश्न : बिडाच्या कढईत टोमॅटो शिजवला तर काळा पडला आणि चव धातूसारखी लागली. आता ती कढई वाया गेली का? आणि बिडातून लोह मिळतं हे खरं का? मला डॉक्टरांनी हिमोग्लोबिन कमी सांगितलंय.

उत्तर : कढई वाया गेलेली नाही. आम्लाने थोडा थर आणि थोडं लोखंड घेतलं, त्याचाच तो रंग आणि ती चव. धुवा, वाळवा, एक पातळ थर द्या. चांगल्या मुरलेल्या कढईत टोमॅटो पंधरा-वीस मिनिटं चालतो. दोन तास उकळत ठेवायचा असेल तर स्टीलचं पातेलं घ्या. शिजलेलं आंबट बिडाच्या भांड्यात काढून ठेवू नका.

लोह मिळतं हे खरं आहे. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इथिओपियातल्या लहान मुलांवरचा अभ्यास आला होता. एका गटाच्या घरी लोखंडी भांडी दिली, दुसऱ्याकडे ॲल्युमिनियमची. वर्षभरात लोखंडी भांड्यांतलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन जास्त वाढलं. पदार्थ आंबट, पातळ आणि जास्त वेळ शिजणारा असेल तर लोह जास्त उतरतं. पण किती उतरेल याचा नेम नसतो, आणि तवा जितका जास्त मुरलेला तितकं कमी उतरतं. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कढईच्या भरवशावर बंद करू नका. आणि ज्यांच्या शरीरात मुळातच लोह साठून राहण्याचा विकार आहे त्यांनी बिडात शिजवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

प्रश्न : काचेच्या इंडक्शन शेगडीवर चालेल?

उत्तर : चालेल, बीड चुंबकाला धरतं. सुरुवात सगळ्यात कमी आचेवर करा. इंडक्शन मधला भाग झपाट्याने तापवतं आणि कडा गारच राहतात. तवा ओढू नका, उचलून ठेवा, नाहीतर काचेवर रेघा पडतील.

प्रश्न : आम्ही सहा महिने मुलीकडे जाणार आहोत. दोन तवे आणि एक कढई तेल चोपडून ठेवावी का?

उत्तर : चोपडून नको. ओलं तेल सहा महिन्यांत खवट आणि चिकट होतं, त्यावर धूळ बसते. धुवा, विस्तवावर खडखडीत वाळवा, पहिल्या उत्तरातल्यासारखा एकच पातळ थर देऊन भाजून घ्या. निवल्यावर एकावर एक ठेवणार असाल तर मधे जुना वर्तमानपत्राचा कागद नको, शाई लागते. साधा कोरा कागद किंवा सुती फडकं घाला. कढईवर झाकण घट्ट बसवू नका, आत दमट हवा कोंडते. झाकण आणि काठ यांच्यामध्ये कागदाची घडी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, सिंकखालच्या कपाटातही नको. परत आल्यावर कुठे तांबूस ठिपका दिसला तर तेवढाच तेलाच्या फडक्याने घासा, तवा मंद आचेवर तापवा आणि पहिल्या दिवशी त्यावर कांदा परता.